खानापूर रोड, तिसरं गेट ते मच्छे: चालायचं कुठून आणि सायकल चालवायची कुठून?

उद्यमबागकर (धागाकर्ता)

बेळगावात राहणाऱ्यांना हा पट्टा समजावून सांगायची गरज नाही, पण पुण्या-मुंबईतले वाचक इथे बरेच आहेत म्हणून थोडक्यात. बेळगाव-पणजी रस्ता, कागदावर राष्ट्रीय महामार्ग ७४८, आमच्या तोंडी अजून 'फोर-ए' किंवा नुसता खानापूर रोड. टिळकवाडीतलं तिसरं रेल्वे गेट ओलांडलं की उद्यमबाग लागतं, मग पिरनवाडी नाका, तिथून जांबोटी-चोर्ल्याकडे फाटा फुटतो, आणि सरळ गेलं की मच्छे. गोव्याला जाणारी गाडी, खानापूरची बस, सिमेंटचा ट्रक, हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, सगळं यावरूनच. आणि याच रस्त्याच्या कडेला उद्यमबागच्या फौंड्र्या, मशीन शॉप, मच्छेची औद्योगिक वसाहत, व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ), शाळा, बाजार.

शिफ्ट सुटायच्या वेळी बघा. हँडलला डब्याची पिशवी अडकवलेला सायकलवाला डाव्या कडेने येतो. कडेला गटाराची लोखंडी जाळी, तिच्या पट्ट्या रस्त्याला समांतर, म्हणजे चाक बरोबर फटीत बसणार. तो जाळी चुकवायला उजवीकडे हाताभर सरकतो आणि त्याच क्षणी मागून बसचा हॉर्न. पुढे साइडपट्टीवर खडीचा ढीग, त्याच्या पुढे उभा टेंपो. चालणारे लोक टेंपोच्या उजव्या बाजूने, म्हणजे थेट डांबरावरून, आणि समोरून राँग साइडने येणारी स्कूटर.

दर वेळी रुंदीकरणाची बातमी आली की मोटारीला किती लेन हे पहिल्यांदा ठरतं. उरलं तर फूटपाथ. आणि सायकलचं तर कोणी नावच काढत नाही. मला इथे विचारायचंय की मागणी करायची झाली तर नेमकी काय करावी? 'फूटपाथ द्या, सायकल ट्रॅक द्या' एवढं म्हटलं तर काय मिळतं ते आपण शहरात बघितलंय.

टिळकवाडी_दुसरं_गेट

शहरात काय मिळतं ते मी सांगते. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपलं नाव आलं तेव्हा पेढे वाटले गेले होते. त्यानंतर फूटपाथ झाले की, कोण नाही म्हणतंय. पण दर बंगल्याच्या फाटकापाशी फूटपाथ खाली उतरतो, पुन्हा वर चढतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या फूटपाथवर पायच ठेवत नाहीत. 'वर-खाली करण्यापेक्षा रस्ता बरा' म्हणतात. त्यांना काही फूटपाथचं वावडं नाही, चढ-उताराचं आहे.

राजहंसगड_रायडर

आमचा ग्रुप रविवारी पहाटे यळ्ळूरच्या गडाकडे किंवा किणये-जांबोटीकडे जातो. साधा उपाय सांगतो: दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी मारून दीड मीटरची सायकल लेन. खर्च कमी, जमीन नको, कोर्ट नको. युरोपात सगळीकडे हेच आहे.

पिरनवाडी_नाका

रायडर भाऊ, पट्टी मारली तर दुसऱ्या दिवशी तिच्यात टमटम उभी राहतीय की नाही बघा. आमच्या नाक्यावर पट्टी काय, दगड रोवले तरी त्याला टेकून गाडी लावतात लोक. तुम्ही पहाटे जाताय, तेव्हा कुत्रं पण नसतं रस्त्यावर. संध्याकाळी सहाला या एकदा.

राजहंसगड_रायडर

हेल्मेट घातलं म्हणजे आम्ही हौशी आणि बाकीचे गरजू, असा सूर लावू नका. चिरडताना ट्रक कपडे बघत नाही.

निवृत्त_अभियंता

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात आयुष्य घालवलंय, बेळगावात नाही, पण याच रस्त्यासारख्या रस्त्यांवर. थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

रंगवलेली पट्टी आणि वेगळी वाट यांत फरक वेगाचा असतो. वाहनं ताशी तीसने जात असतील तर पट्टीवर भागतं. युरोपातल्या ज्या गल्ल्यांचे फोटो आपण बघतो तिथे वेग तेवढाच असतो. महामार्गावर ताशी साठ-सत्तरने जाणाऱ्या ट्रकच्या शेजारी रंगाची पट्टी म्हणजे सायकलवाल्याला दिलेला खोटा दिलासा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोटारीची धडक ५० ऐवजी ६५ च्या वेगाने बसली तर पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पटीने वाढतो. नुसत्या १५ किलोमीटरच्या फरकाने! म्हणून महामार्गालगत सायकलची वाट हवी तर मध्ये काहीतरी भौतिक हवं: उंच कर्ब म्हणजे कडेचा काठ, झाडांची पट्टी, किमान रेलिंग.

आता मापं. इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं मानक आहे, आयआरसी १०३. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत फूटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर धरली आहे, बाजारपेठेत २.५ मीटर. 'मोकळी' म्हणजे खांब, डीपी, झाडाचा पार, जाहिरातीचा बोर्ड सगळं वगळून. आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे पाणी चढू नये म्हणून फूटभर उंच करतात, मग त्यावर म्हातारं माणूस चढत नाही आणि टिळकवाडीच्या ताईंनी लिहिलं तसं होतं. खरं तर फाटकापाशी फूटपाथने उतरायचं नसतं, गाडीने चढायचं असतं. फूटपाथची पातळी कायम ठेवून गाडीला छोटा उतार द्यायचा. हे कागदावर सगळ्यांना पाठ असतं, जागेवर बंगलेवाला ऐकत नाही.

सायकलचं मानक आयआरसी ११. १९६२ ची जुनी आवृत्ती काढून बघा, त्यात एक गंमत आहे. रस्त्यावर तासाला २०० पेक्षा जास्त मोटार वाहनं असतील तर गर्दीच्या तासाला १०० सायकली असल्या तरी स्वतंत्र सायकल ट्रॅक समर्थनीय ठरतो, असं त्यात लिहिलंय. वाटेची रुंदी किमान २ मीटर. साठ वर्षांपूर्वीच्या निकषाने बघितलं तरी खानापूर रोडला ट्रॅक कधीच मिळायला हवा होता. दोनशे वाहनं तर पिरनवाडीला चहा संपायच्या आत जातात.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. या रस्त्यावर लोक लांबीने कमी आणि आडवे जास्त मरतात. गाव एका बाजूला, कारखाना दुसऱ्या बाजूला, मध्ये डिव्हायडर. डिव्हायडरचं तोंड लांब, म्हणून सायकलवाला राँग साइडने येतो. पोलीस त्याला पकडतात, पावती फाडतात. तो बेशिस्त आहे म्हणून तसा येत नाही हो, अर्धा किलोमीटर पुढे जाऊन अर्धा किलोमीटर मागे यायला त्याच्या पायात पेट्रोल नाही. म्हणून वाट दोन्ही बाजूंना हवी आणि प्रत्येक बाजूला दोन्ही दिशांनी जाता येईल एवढी रुंद हवी. आणि ओलांडायची जागा पुलावर नको, रस्त्यावरच हवी. वर उचललेला पट्टा, ज्यावर गाडीला वेग कमी करावाच लागेल, आणि डिव्हायडरमध्ये थांबायला सुरक्षित जागा, म्हणजे एका वेळी एकाच बाजूची वाहनं बघायची. पादचारी पूल मागू नका. पायऱ्या चढून कोणी जात नाही, त्याच्यावर फक्त फ्लेक्स लागतात.

मच्छे_मास्तर

सरांच्या प्रतिसादाला नमस्कार. शाळेच्या बाजूने एक गोष्ट जोडतो. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुला-मुलींना सायकली दिल्या, सरकारी आणि अनुदानित, मराठी माध्यमालाही. कोविडनंतर वाटप थांबलं, तरी त्याआधी वर्षानुवर्षं हायस्कूलच्या आवारात सायकलींची रांग लागायची. मुलींची गळती कमी व्हायला त्या सायकलचा हातभार लागला हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण सायकल दिली आणि रस्ता दिला नाही. झाडशहापूर, देसूर, हुंचेनहट्टीकडून येणाऱ्या पोरींना पालक सांगायचे, सायकल गावात चालव, शाळेला बसने जा. जून-जुलैत तर विचारूच नका. डाव्या कडेला पाणी साचतं, पाण्याखाली खड्डा आहे की जाळी उघडी आहे ते कळत नाही, मग पोरं रस्त्याच्या मधोमध.

सीमावासी_५६

मागण्या कुणाकडे करताय? १९५६ पासून या भागाकडे कुणी माणूस म्हणून बघितलंय का? आधी प्रश्न मुळातून सोडवा. अर्ज मराठीत दिला तर घेत नाहीत आणि तुम्ही फूटपाथची रुंदी मोजत बसलाय.

पिरनवाडी_नाका

दादा, तो प्रश्न आहेच, आमच्या घरातले पण मोर्चात गेलेत. पण ट्रकला भाषा कळत नाही. माझ्या दुकानासमोर जो माणूस गेला तो कानडी होता, त्याला उचलणारे मराठी होते.

संचालक

सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र धागे आहेत, कृपया तिकडे लिहा. इथे रस्त्यापुरतं ठेवू या. यापुढचे त्या विषयावरचे प्रतिसाद हलवले जातील.

पिरनवाडी_नाका

आता माझी अडचण पण ऐका. नाक्यावर माझं दुकान आहे, बापजाद्यांचं. फूटपाथ म्हटलं की पहिली कुऱ्हाड आमच्यावर. एकदा मार्किंग करून गेले, लाल रंगाने भिंतीवर फुली. सहा महिने झोप नाही. मग काहीच झालं नाही, फुली मात्र अजून आहे. भाजीवाल्या बायका सकाळी टोपल्या घेऊन बसतात, त्यांना उठवून फूटपाथ करणार आणि मग त्यांनी कुठं जायचं? तुम्हीच घरी जाताना गाडी थांबवून मेथीची पेंडी घेता की नाही?

टिळकवाडी_दुसरं_गेट

घेते. खोटं कशाला बोलू.

निवृत्त_अभियंता

पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. शहर विक्रेता समिती नेमून जागा ठरवून द्यायची, असं त्यात आहे. नकाशात चालायची पट्टी १.८ ची सोडून तिच्या मागे किंवा पुढे विक्रीची पट्टी आखता येते. नाक्यावर खरेदीला माणसं थांबणारच, ते गृहीत धरून आखलं तर फूटपाथ टिकतो. तुमच्या दुकानाची भिंत न पाडताही पुष्कळ जागा निघेल, कारण आज दुकान आणि डांबर यांच्यामध्ये जी धूळ आहे तिच्यात मोटारसायकली उभ्या असतात.

हलगा_शेतकरी

बायपासचा विषय निघणारच म्हणून मीच काढतो. हलगा-मच्छे बायपास झाला की जड वाहनं बाहेरून जातील आणि खानापूर रोड मोकळा होईल, असं शहरातले लोक सहज म्हणतात. आमच्या तिबार पिकाच्या जमिनी त्यात जातात म्हणून आम्ही रस्त्यावर उतरलो, कोर्टात गेलो. तुम्हाला फूटपाथ पाहिजे तर जरूर घ्या, पण 'बायपास होऊ दे, मग बघू' असं बोलून आमच्या शेतावर तुमचा फूटपाथ बांधू नका. बायपास होवो न होवो, पिरनवाडीत माणसं आजही चालतात.

उद्यमबागकर

हे पटलं. बायपासशी मागणी बांधायची नाही. रस्त्याला आज जी जागा आहे तिच्यातच बसवायचं.

निवृत्त_अभियंता

बरोबर, पण एक गोष्ट लक्षात असू द्या. बायपास झाल्यावर गावातला जुना तुकडा राज्याच्या खात्याकडे किंवा पालिकेकडे सोपवतात आणि सोपवताना एकरकमी सुधारणेसाठी केंद्राकडून पैसे मिळू शकतात. नंतर असा पैसा मिळत नाही. तेव्हा आराखडा आपल्या खिशात तयार हवा, नाहीतर तो सगळा पैसा डांबराच्या नव्या थरात जाईल. शेतकऱ्यांनी लिहिलंय ते मला मान्य आहे, मी बायपासची बाजू घेत नाही.

आणि सगळ्यांत आधी हा पट्टा मीटर-मीटरने कोणाच्या ताब्यात आहे ते माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपये शुल्क. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, म्हणून हद्दीचा अर्ज वेगळा आणि मंजूर नकाशाचा वेगळा करा. दोन्ही एकत्र केले तर परत येईल.

कोथरूडवासी_मूळ_खानापूर

पुण्याचा अनुभव म्हणून लिहितो. इथे बीआरटीच्या (बससाठी वेगळ्या मार्गिकांच्या) वेळी सायकल ट्रॅक बांधले. तुकडे आहेत, वाट नाही. शंभर मीटर लाल फरशी, मग ट्रान्सफॉर्मर, मग वडापावची गाडी, मग पुन्हा लाल फरशी. सायकलवाल्याला दर शंभर मीटरला उतरावं लागलं की तो दुसऱ्या दिवसापासून तिकडे फिरकत नाही. मग अधिकारी म्हणतात, बघा, कोणी वापरतच नाही! बेळगावने निदान एवढं टाळावं.

राजहंसगड_रायडर

हैदराबादला २०२३ मध्ये आउटर रिंग रोडलगत २३ किलोमीटरचा ट्रॅक झाला, साडेचार मीटर रुंद, वर सोलर पॅनलचं छप्पर. मी चालवून आलोय, स्वर्ग आहे. तसं का मागू नये?

उद्यमबागकर

रायडर भाऊ, तिथे लोक सायकल मोटारीत टाकून येतात, चालवतात आणि पुन्हा मोटारीत टाकून घरी जातात. वाईट नाही, पण आमच्या फौंड्रीतल्या माणसाला छप्पर नको, त्याला घर ते गेट अखंड वाट पाहिजे. तुम्हीच सांगा, चार किलोमीटर साधी काँक्रीटची वाट की अर्धा किलोमीटर सोलरची?

राजहंसगड_रायडर

साधी वाट. पण म्हैसूरसारखी भाड्याची सायकल तरी? २०१७ पासून 'ट्रिन ट्रिन' चालू झाली तिथे.

मच्छे_मास्तर

म्हैसूर सपाट आहे, रस्ते रुंद, पर्यटक भरपूर. आपल्याकडे लोकांकडे स्वतःच्या सायकली आहेत, गंजत पडल्यात. कमी आहे ती वाटेची.

दुसरी_पाळी

मी फारसं लिहीत नाही, वाचते. उद्यमबागमध्ये पॅकिंगला आहे, सुटायला रात्र होते. बस स्टॉपपासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दिवा नाही. दिवे सगळे डिव्हायडरमध्ये, उंच, उजेड गाड्यांवर पडतो. कडेला काळोख. मोबाइलची बॅटरी लावून चालतो आम्ही बायका, चौघी-पाचजणी मिळून, आणि समोरच्या गाडीचे हेडलाइट डोळ्यात आले की पाय कुठे पडतोय तेच दिसत नाही. गटारावरची एक फरशी कित्येक महिने नाही, तिथे कोणीतरी झाडाची फांदी रोवली आहे. तीच आमची खूण. तुमच्या आराखड्यात चालणाऱ्यांसाठी खालचे दिवे घाला. रुंदी दीड फूट कमी झाली तरी चालेल, पण दिवा पाहिजे.

निवृत्त_अभियंता

ताई, हे माझ्या लांबलचक प्रतिसादात यायला हवं होतं. फूटपाथकडे तोंड करून कमी उंचीचे दिवे त्याच खांबावर मागच्या बाजूने लावता येतात. आणि बस स्टॉपच्या मागून सायकलची वाट काढायची, पुढून नाही, नाहीतर बस थांबली की सायकलवाला बसच्या उजवीकडे फेकला जातो. रुंदी मात्र कमी करून देऊ नका, एकदा कमी केली की कमीच राहते.

पिरनवाडी_नाका

आणि उसाचं काय? हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर जातो, मागं रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, ऊस बाजूला हातभर बाहेर. पंक्चर झाला की रात्रभर कडेलाच. तुमच्या वाटेवरच उभा करणार तो.

हलगा_शेतकरी

ट्रॅक्टरवाला हौसेने उभा करत नाही. महामार्ग बांधताना नादुरुस्त गाडी उभी करायला कडेला वेगळी जागा सोडता येते, ती इथे कुठे आहे? रिफ्लेक्टरबद्दल मात्र बोला, आमच्यातलेच लोक कंटाळा करतात. कारखान्याच्या गेटवर रिफ्लेक्टर नसेल तर वजन करू नका म्हटलं, तर दोन दिवसांत सगळे लावतील.

मच्छे_मास्तर

एक भीती वाटते. बंगळूर-म्हैसूर महामार्गावर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि सायकलींना मुख्य रस्त्यावर बंदी घातली. तिथे दोन्ही बाजूंना सर्व्हिस रोड होता. आपण सुरक्षेचा फार आरडाओरडा केला आणि इथेही सोपा उपाय म्हणून सायकललाच बंदी आली तर?

कोथरूडवासी_मूळ_खानापूर

भीती रास्त आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३८(१अ) हे कलम आलंय. पादचारी आणि बिगरमोटार वाहनांच्या वावराचे नियम करायचा अधिकार राज्याला त्यात दिलाय. त्या अधिकारात संरक्षणही देता येतं आणि बंदीही घालता येते. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअडथळा फूटपाथ हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलंय, आणि राज्यांना मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलंय. अर्जात त्याचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात टाका. त्याच दुरुस्तीतलं १९८अ सुद्धा टाका: रस्त्याची रचना मानकाप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. रक्कम किरकोळ आहे, पण कागदावर कलम दिसलं की फाइल जरा जपून हलते.

२०२२ चे केंद्राचे आकडेही द्या. देशात रस्त्यांवर १,६८,४९१ मृत्यू, त्यांत ३२,८२५ पायी चालणारे. आणि एकूण मृत्यूंपैकी ३६ टक्के राष्ट्रीय महामार्गांवर, जे लांबीने एकूण रस्त्यांच्या दोन-अडीच टक्केही नाहीत.

निवृत्त_अभियंता

देशाचे आकडे द्या, पण अधिकारी विचारेल तुमच्या रस्त्यावर किती. तिथे गप्प बसायला होऊ नये. मोजणी करा. तीन जागा: तिसऱ्या गेटच्या पलीकडे, पिरनवाडी नाका, मच्छे औद्योगिक वसाहतीचं तोंड. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ. चालणारे, सायकली आणि रस्ता ओलांडणारे वेगळे मोजायचे, ओलांडणारे कुठून कुठे गेले ते बाणाने दाखवायचं. यात्रेचा, बाजाराचा, सुट्टीचा दिवस टाळा. यल्लम्माच्या पौर्णिमेच्या आसपास मोजलं तर आकडा फुगेल आणि कोणीतरी तो खोडून काढेल.

मच्छे_मास्तर

नववीची मुलं देतो. प्रकल्प म्हणून होईल. पण रस्त्याच्या कडेला उभी करणार नाही, गच्चीवरून मोजतील.

पिरनवाडी_नाका

माझ्या दुकानाच्या माळ्यावरून नाका सगळा दिसतो. पाच-सहा पोरं बसतील. चहा माझा.

सीमावासी_५६

मी वर बोललो ते मागे घेत नाही. पण अर्ज कन्नडमध्ये करून पाहिजे असेल तर माझा मुलगा करून देईल, त्याचं शिक्षण त्यातच झालंय. सोबत मराठी प्रत जोडायचीच, ही माझी अट.

उद्यमबागकर

अट मान्य. मसुदा असा करतोय, सुधारणा सांगा:

'तिसरं रेल्वे गेट ते मच्छे या पट्ट्यात सध्याच्या हद्दीतच दोन्ही बाजूंना किमान १.८ मीटर मोकळा, सलग, १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसलेला फूटपाथ. त्यालगत कर्बने वेगळी केलेली, दोन्ही दिशांनी वापरता येणारी सायकल वाट. नाका, शाळा आणि कारखान्यांच्या तोंडाशी उंचावलेले ओलांडपट्टे आणि मध्ये थांबण्याची जागा. गटाराच्या जाळ्या आडव्या बसवणे. फूटपाथच्या बाजूने दिवे. नाक्यावर विक्रेत्यांसाठी आखलेली जागा. आणि कामाच्या आधी सुशोभीकरणाचा आराखडा.' डिसेंबरात सुवर्णसौधला, म्हणजे इथल्या विधानभवनात, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तेव्हा मंत्री इथेच असतात, त्यांच्या हातात द्यायचा विचार आहे.

निवृत्त_अभियंता

जाळ्यांचं कलम सगळ्यांत वर घ्या, ते महिन्याभरात आणि किरकोळ खर्चात होण्यासारखं आहे. सायकल वाटेची रुंदी लिहिलेली नाही. दोन्ही दिशांची वाट म्हणताय तर अडीच-तीन मीटर मागा, म्हणजे दोन तरी पदरात पडतील. आणि सुशोभीकरणाची मागणी काढून टाका, सगळा पैसा कुंड्यांत जाईल.

टिळकवाडी_दुसरं_गेट

आणि त्या कुंड्या फूटपाथवरच ठेवतील.

दुसरी_पाळी

मोजणी रात्री दहाला पण ठेवा. मास्तरांची मुलं नकोत, आम्ही मोजू.